पिवळं प्रश्नचिन्ह

शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास मी काकांचं नाव यादीतून काढून टाकलं. त्यात राग नव्हता, फारसा विचारही नव्हता. दुसऱ्या दिवशी चर्चच्या उपासनेत कोण गाणार-वाजवणार त्याची यादी फोनवरच्या ॲपमध्ये उघडून बसले होते. पियानोपुढे हिरवी खूण, ड्रम्सपुढे हिरवी, तिन्ही गाणाऱ्यांपुढे हिरवी, आणि बेस गिटारच्या ओळीत काकांच्या नावापुढे पिवळं प्रश्नचिन्ह. निमंत्रण जाऊन बारा दिवस झाले होते. मध्ये दोनदा ॲपने आपणहून आठवण पाठवली होती. उत्तर नाही. त्या आठवड्यात गाणी सगळी ओळखीची म्हणून तालीमही ठेवली नव्हती, त्यामुळे समोरासमोर भेट झालेली नव्हती. फोन करावा असं वाटलं, पण इतक्या उशिरा कशाला उठवायचं म्हणून राहू दिलं. नावावर बोट दाबून धरलं, 'काढा' आलं, दाबलं. त्या जागी नव्या मुलाचं नाव टाकलं. त्याने मिनिटभरात 'हो' म्हटलं. सगळी यादी हिरवी झाली आणि मी शांत झोपले.

सकाळी सव्वासातला आम्ही आवाज लावत होतो. तो मुलगा मंचाच्या डाव्या बाजूला वाकून तारा जुळवत होता. बाजूचं दार उघडलं आणि काका आत आले. उजव्या खांद्यावर बेसची काळी पिशवी, चेन गेलेली म्हणून मध्ये दोरी बांधलेली, आणि डाव्या काखेत गाण्यांची फाइल. चार पावलं आले आणि त्या मुलाकडे नजर गेली. थांबले. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात मायक्रोफोन होता आणि तोंडातून शब्द फुटेना. काका पुढे आले, पिशवी भिंतीला टेकवली, म्हणाले, "असू दे गं, वाजवू दे त्याला. मी केबली बघतो." आणि खरोखरच खाली बसून ते विस्कटलेल्या केबली गुंडाळायला लागले. एक वेटोळं सुलट, एक उलट, म्हणजे केबलला पीळ पडत नाही. ही पद्धत आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवली होती.

त्या दिवशीची उपासना चांगली झाली. तरी घरी परतताना मला फक्त ती दोरी बांधलेली पिशवी दिसत होती.

आराधनेचं नेतृत्व करणाऱ्या माणसाचं निम्मं काम गाण्याचं नसतंच. लोकांना बाहेरून रविवारची पंचवीस मिनिटं दिसतात. आतला आठवडा दिसत नाही. पाळकांचं वचन कोणतं, त्याला जुळणारी गाणी कोणती, त्यातलं गेल्याच महिन्यात कोणतं झालं, कुणाच्या गळ्याला कोणती पट्टी, कोण गावाला गेलंय, कुणाचा घसा बसलाय. मी हे काम हाती घेतलं तेव्हा एक वही होती आणि एक व्हॉट्सॲपचा ग्रुप. ग्रुपवर एका गाण्याच्या पट्टीवरून साठ-सत्तर निरोप पडायचे आणि रविवारी सकाळी कळायचं की पियानोवाली 'जी'मध्ये बसवून आलीये आणि गिटारवाला 'ए'मध्ये. एकाच गाण्याच्या तीन झेरॉक्स, तिन्हींत दुसऱ्या कडव्याचे शब्द वेगळे. शनिवार म्हटला की माझ्या पोटात गोळा यायचा. प्रार्थनेला बसले तरी डोळ्यांसमोर याद्याच. ॲप आलं आणि ते ओझं उतरलं, हे मी अगदी कृतज्ञतेने लिहितेय. आता उपासनेचा क्रम मिनिटांसकट एका जागी असतो, प्रत्येक गाण्याला त्याची पट्टी, शब्द, ऐकायला ध्वनिमुद्रण जोडलेलं असतं, आणि कोण येणार ते रंगांनी कळतं. आमचं ॲप कुठलं याला महत्त्व नाही, साचा सगळ्यांचा साधारण सारखाच आहे. २००६ पासून चालत आलेलं प्लॅनिंग सेंटर घ्या नाहीतर अलीकडचं एखादं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्या मंडळ्यांना पडद्यावर शब्द दाखवायला ओपनएलपीसारखं मोफत सॉफ्टवेअरही मिळतं.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पट्टी बदलणं. यामागे १९९०च्या दशकातली एक साधीशी लिहिण्याची रीत आहे, कॉर्डप्रो नावाची. गाण्याच्या ओळीतच, ज्या अक्षरावर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा गुच्छ, पडते त्याच्या आधी, चौकोनी कंसात कॉर्डचं नाव लिहायचं. इतकंच. ॲप कंसातलं नाव उचलून अक्षराच्या डोक्यावर ठेवतं, आणि पट्टी दोन अर्धस्वर खाली आणा म्हटलं की जीचं एफ, सीचं बी फ्लॅट, डीचं सी, सगळं एका क्षणात. पूर्वी हेच काम मी रात्री जागून पेन्सिलीने करायचे आणि चौथ्या कडव्यात एक कॉर्ड बदलायची हमखास राहून जायची. आपल्या लिपीत मात्र एक जागा सांभाळावी लागते. कंस जोडाक्षराच्या पोटात पडला तर अक्षर फुटतं. 'स्तुती'तल्या स् आणि तु यांच्यामध्ये कॉर्ड घातली की पाय मोडलेला स् एकटाच उभा राहतो आणि 'तुती' पुढे निघून जाते. म्हणून कंस नेहमी पूर्ण अक्षराच्या आधी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आमची दोनशेच्या वर गाणी होती. ती नव्या ॲपमध्ये चिकटवली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं यायची. ती आम्ही तिघींनी मिळून पुन्हा टाइप केली, रोज संध्याकाळी चार-पाच. टाइप करताना कितीतरी गाण्यांचे शब्द मला पहिल्यांदा नीट कळले, कारण गाताना आपण जिथे घाईने पुढे जातो तिथे टाइप करताना थांबावंच लागतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. ॲप प्रत्येक गाण्यापुढे ते शेवटचं कधी गायलं त्याची तारीख दाखवतं. मला वाटायचं माझी निवड समतोल आहे. तारखा पाहिल्या तर वीस-पंचवीस गाणीच फिरून फिरून येत होती, आणि मागच्या बाकांवरच्या आज्यांना पाठ असलेलं एक गाणं चौदा महिने झालेलंच नव्हतं. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. पुढच्या रविवारी ते घेतलं, तेव्हा त्या बाकांवरून आलेला आवाज ऐकून मला दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द गाता आला नाही.

यंत्र आलं म्हणून भक्ती गेली असं म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो, कारण उपासनेला साधनं कायमच लागत आली आहेत. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्झोच्या ग्विदो या साधूने रेघांवर स्वर मांडायची रीत बसवली, ती मठातल्या गाणाऱ्या मुलांची वर्षानुवर्षं निव्वळ पाठांतरात जात होती म्हणून. १६४४ साली इंग्लंडात वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने उपासनेची जी नियमावली तयार केली तिच्यात सांगितलंय की मंडळीत पुष्कळांना वाचता येत नसेल तर कुणीतरी स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग सर्वांनी गावी. आमच्याकडे कॉलेजात जाणारी एक मुलगी लॅपटॉपवर बसून पडद्यावरच्या ओळी बदलते, तिचं काम मला त्या ओळ सांगणाऱ्या माणसाचंच वाटतं. ओळ संपल्यावर पान बदललं तर उशीर होतो, लोक श्वास घेऊन थांबतात आणि पहिला शब्द गिळतात. शेवटच्या ओळीचे एक-दोन शब्द उरलेले असतानाच बदलावं लागतं, म्हणजे डोळा पुढे पोहोचतो आणि गळा मागून येतो. हे तिला कुठल्या सॉफ्टवेअरने शिकवलं नाही. ती स्वतः गाते म्हणून तिला ते कळतं. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात गीतकाराचं नाव आणि परवान्याचा क्रमांक असतो, तेही ती कधी विसरत नाही. अमेरिकेत गाण्यांच्या परवानगीशिवाय काढलेल्या प्रतींवरून एका प्रकाशकाने शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांताविरुद्ध खटला चालवला आणि १९८४ साली ज्यूरीने तीस लाख डॉलरच्या वर भरपाई द्यायला सांगितली. निकालाचा बराच भाग पुढे अपिलात पालटला, पण चर्चना धास्ती बसली, आणि १९८८ साली सीसीएलआय या संस्थेची चर्चना गाणी वापरू देणारी परवाना-व्यवस्था सुरू झाली. काकांच्या काखेतली फाइल तशाच झेरॉक्सांची होती.

काकांवरून मला अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख आठवत राहिला. लाइपझिग शहरात त्याच्याकडे गावातल्या मुख्य चर्चचं संगीत होतं. त्याच्या एका कँटाटाच्या, म्हणजे उपासनेत गायच्या-वाजवायच्या लांब रचनेच्या, हस्तलिखितावर त्याने नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारच्या उपासनेचा क्रम आपल्या हाताने लिहून ठेवलाय: आधी ऑर्गन, मग मोटेट म्हणजे अनेक आवाजांचं समूहगान, मग पुढचं पुढचं. गावात नवा असताना रविवारी चुकू नये म्हणून लिहिला असेल का, असं मला ती यादी पाहताना वाटतं. मी दर मंगळवारी ॲपमध्ये जे भरते तेच ते. पण त्याहून जास्त बोचतो तो २३ ऑगस्ट १७३०चा त्याचा अर्ज. चर्चच्या संगीताला माणसं कमी पडतात म्हणून त्याने नगरपरिषदेला लिहिलं. गाणारे किमान बारा, खरं तर सोळा हवेत, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी दोन गटांचं मोटेट गाता येईल. आणि लोक आजारी पडतातच, खात्री करायची तर शाळेच्या वैद्याने औषधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठ्या बघा, असंही त्यात आहे. शनिवारी रात्री 'घसा बसलाय' असा निरोप वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य आपलं वाटेल. पुढे वाजवणाऱ्यांची यादी आहे, वाद्य आणि त्यापुढे नाव. जिथे माणूस नाही तिथे लॅटिनमध्ये एकच शब्द: 'वाकात', रिकामी. व्हायोलापुढे रिकामी, चेलोपुढे रिकामी, आणि सगळ्यात खालचा सूर धरणाऱ्या व्हिओलोनेपुढेही रिकामी. अर्जाच्या शेवटी शाळेतल्या मुलांची वाटणी केली आहे: १७ उपयोगी, २० अजून तयार न झालेले, १७ कामाचे नाहीत.

ते तीन आकडे मी पूर्वी वाचले होते तेव्हा मला बाखची अडचण दिसली होती. या वेळी ती शेवटची सतरा मुलं दिसली.

आपली ओळ खालची ठेवणारा माणूस गाण्यात कुणाच्या लक्षात येत नाही. बेस थांबला तरच कळतं की खालून काहीतरी गेलं. काका आमच्याकडे वीस वर्षांहून जास्त काळ ती ओळ धरून आहेत. माझ्या आधीच्या दोन नेत्यांच्या वेळीही तेच होते. मी नवी असताना एकदा कडवं संपल्यावर भलत्याच जागी वळले होते, तेव्हा बाकी सगळे अडखळले आणि काका माझ्यासोबत वळले, इतके सहज की मंडळीला वाटलं तसंच ठरलेलं होतं. अशा माणसाला मी एका बोटाने काढलं. आणि वर ॲपने आपल्या नेमाप्रमाणे त्यांना एक ईमेलही पाठवला होता: या रविवारच्या सेवेतून आपलं नाव काढण्यात आलं आहे. मी तो पाठवला नव्हता, पण खाली नाव माझं होतं.

बुधवारी त्यांच्या घरी गेले. माफी मागायचीच असं ठरवून गेले होते, पण काकांनी मला बोलूच दिलं नाही. निमंत्रण आलं होतं का, विचारलं तर म्हणाले, "आलं होतं की. बघितलं मी." मग उत्तर का नाही दिलं? ते थोडा वेळ गप्प बसले. "मी दर रविवारी येतोच. येणार का, हो की नाही, असं घरच्या माणसाला कुणी विचारतं का? पहिल्यांदा तो निरोप आला तेव्हा वाटलं, चुकून आपल्याला पाहुण्यांच्या यादीत टाकलं."

मी हरले.

कारण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याच्या अगदी उलट असलेली दुसरी गोष्टही माझ्यासमोर होती. आमची पियानोवाली. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हा ती सलग अठरा रविवार वाजवत होती. आम्हाला कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तीही घरचीच. येणार का, असं आम्ही तिला विचारतच नव्हतो. ती येणारच होती. ॲप सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात तिने दोन रविवार 'नाही' दाबलं. मी काळजीने फोन केला, काही झालं का म्हणून. ती म्हणाली, "काही नाही झालं ताई. कुणी विचारलंच नव्हतं इतके दिवस." त्या दोन रविवारी ती बाळाला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली होती आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिने आख्खं प्रवचन ऐकलं. ज्या प्रश्नाने काका परके झाले त्याच प्रश्नाने ती मोकळी झाली. मी या दोघांचा मेळ घालायला पाहिला, जमला नाही. प्रश्न विचारायचं सोडलं तर तिच्यासारख्या बायका पुन्हा गप्प वाजवत राहतील. विचारत राहिलं तर काकांसारखी माणसं दारातच थांबतील. मला एवढंच जाणवलं की पिवळ्या खुणेला मी 'नाही' समजले, आणि ती समजून घेण्याचं काम ॲपचं नव्हतं, माझं होतं. ॲपने माझे शनिवारचे दोन तास वाचवले होते. त्या दोन तासांतला पाच मिनिटांचा एक फोन माझ्याकडून झाला नाही.

त्या दिवशी काकांनी मला फाइल दाखवली. इतकी वर्षं शेजारी उभं राहून मी ती आतून कधी पाहिली नव्हती. पानांचे खालचे उजवे कोपरे बोटांनी मऊ पडून कापडासारखे झालेले. पेन्सिलीच्या खुणांनी पानं भरलेली, पण त्यांत स्वरांविषयी थोडंच होतं. एका जागी 'जाड तार, पहिला फ्रेट, हळू'. दुसरीकडे, 'इथे सगळे पळतात, धरून ठेव'. एका जुन्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यापाशी 'वाजवू नको', आणि त्याला दोनदा गोल. का, विचारलं. म्हणाले, "तिथे लोक डोळे मिटतात. खाली काही नसलं की त्यांना त्यांचाच आवाज ऐकू येतो." मी वर्षानुवर्षं ते कडवं गात आले होते आणि तिथे काहीतरी घडतं हे मला माहीत होतं. मला वाटायचं ते माझ्या गाण्यामुळे घडतं.

मी पानांचे फोटो काढू का विचारलं. काढ म्हणाले. त्या रात्री मी त्यांच्या खुणा ॲपमध्ये एकेका गाण्याच्या टिपणात भरल्या, त्यांच्याच शब्दांत, कुणाच्या ते लिहून. नव्या मुलाला आता गाणं उघडलं की कॉर्डच्या वर ते दिसतं: 'इथे सगळे पळतात, धरून ठेव'. त्याने मला विचारलं, पळतात म्हणजे कोण? मी म्हटलं, काकांना विचार. तेव्हापासून तालमीनंतर ते दोघं मागे थांबतात. एकाच बेसवर आळीपाळीने वाजवतात, बोलणं कमी, बोटं दाखवणं जास्त.

त्या बुधवारी निघताना काकांनी फोन माझ्यापुढे धरला होता. "दाखव, कुठे दाबायचं ते." मी दाखवलं. पुढच्या पाच रविवारांची निमंत्रणं एकाखाली एक थांबलेली होती. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला, आणि एकेक तारीख मोठ्याने वाचत 'हो' दाबत गेले. चार झाले. पाचव्या तारखेवर बोट थांबलं. मला वाटलं फोन अडकला. त्यांनी 'नाही' दाबलं. मी बघत राहिले तेव्हा म्हणाले, "तो रविवार पोराचा." लाल फुली उमटली आणि माझ्या पोटात कालवलं, आपण पुन्हा काहीतरी हिरावून घेतलं की काय असं.

तो पाचवा रविवार परवाच झाला. मुलगा वाजवत होता, आणि बरा वाजवत होता. काका पिशवीशिवाय आले, हात मोकळे, आणि तिसऱ्या बाकावर कडेला बसले. वीस वर्षांत मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. वाजवताना ते ओठ घट्ट मिटून असायचे. जुनं गाणं आलं, तिसरं कडवं आलं, मुलाने तारांवरून हात उचलला, आणि त्या रिकाम्या जागेत मला तिसऱ्या बाकावरून काकांचा आवाज ऐकू आला. चाल आम्हा सगळ्यांची होती. ते मात्र बेसचीच ओळ गात होते.